सापिएन्सच्या पानावरची धुरपदा

निरंजनचं पत्र आलं ते १९९७च्या ऑगस्टात. निळं अंतर्देशीय पत्र, तिन्ही कडा डिंकानं नीट चिकटवलेल्या. मी ते दारातच उभ्या उभ्या चाळलं, घडी घातली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं. उत्तर दिलं नाही. पुढची सत्तावीस वर्षं दिलं नाही. पत्रातली एकच ओळ माझ्या लक्षात राहिली, ती मात्र कायमची: ‘सापिएन्सच्या पानावरची धुरपदा कोण, ते दोन ओळींत कळवावे.’

चोरानं घरातलं कपाट उचलून न्यावं आणि वर किल्ली कुठे ठेवलीत म्हणून विचारावं, तसं ते वाटलं होतं.

मी भांडखोर माणूस नाही. भांडायला आवाज लागतो आणि वेळेवर शब्द सुचावे लागतात. मला ते दोन दिवसांनी सुचतात. नेपानगरच्या कागद कारखान्यात रद्दीच्या गोदामात, वजनकाट्यावर, मी बत्तीस वर्षं कारकुनी केली. तिथे फार बोलावं लागत नसे. गठ्ठा काट्यावर चढायचा, मी आकडा लिहायचो, गठ्ठा उतरायचा. त्या गठ्ठ्यांत कधी कधी चांगली पुस्तकं यायची. ती लगद्यात जाणार म्हणून वाचणाऱ्या माणसाचा जीव तुटायचा. यावर गोदामात एक रीत पडून गेली होती. पुस्तक काढून घ्यायचं तर तेवढ्याच वजनाचा दुसरा कागद घरून आणून गठ्ठ्यात टाकायचा. वजनाला वजन. साहेबांना ठाऊक होतं आणि त्यांची हरकत नव्हती.

असंच एकदा मला पुठ्ठा उडालेलं, इंग्रजीत लिहिलेलं लॅटिन व्याकरण सापडलं. चारशे ग्रॅम भरलं. मी दुसऱ्या दिवशी घरची वर्तमानपत्रं नेऊन टाकली आणि ते घरी आणलं. कशासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही. शाळेत संस्कृतच्या विभक्त्या मला आवडायच्या. या पुस्तकात तसल्याच विभक्त्या दिसल्या आणि परक्या गावात ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

निरंजन आमच्याच कॉलनीतला. त्याचे वडील कारखान्याच्या ऑफिसात होते. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हुशार, गोरा, बोलायला पुढे. बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागला. रविवारी आईवडिलांना भेटायला यायचा, तेव्हा माझ्याकडे चहाला बसायचा.

“लीलाधरराव,” तो एकदा म्हणाला, “पोरं झाडांची लॅटिन नावं नुसती घोकतात. अर्थ एकाला माहीत नाही. मराठीत कुणीतरी हे सोपं करून लिहायला हवं.”

कुणीतरी म्हणजे मीच असं मला वाटलं. कदाचित त्याला तसं म्हणायचं नसेल. मी चार वर्षं खपलो. झाडांच्या नावांत येणारी एकशे दहा विशेषणं घेतली. प्रत्येकाची व्युत्पत्ती, प्रत्येकाची रूपं, आणि प्रत्येकाला आपल्याकडचं एक उदाहरण. केसाळ या अर्थाच्या विशेषणाला आमच्या कडूमामाचे कान दिले. काटेरी या अर्थाच्याला शेजारच्या काकूंचं बोलणं दिलं. नावं खरीच ठेवली, कारण खोटी नावं मला सुचत नाहीत.

त्यातलं माझं सर्वांत आवडतं पान सापिएन्सचं. केळीचं जुनं शास्त्रीय नाव मुसा सापिएन्तुम, म्हणजे शहाण्यांचं केळं. हिंदुस्तानातले ज्ञानी लोक हे फळ खाऊन राहतात असं त्या काळच्या लोकांनी ऐकलं होतं, त्यावरून ते नाव पडलं म्हणतात. मी लिहिलं होतं:

‘सापिएन्स म्हणजे शहाणा. हे विशेषण सापेरे या क्रियापदापासून आलं. सापेरेचा मूळ अर्थ चव असणे, चव कळणे. चव कळणं हेच पहिलं शहाणपण, बाकीचं नंतर आलं. प्रथमेच्या एकवचनात शहाणा, शहाणी, शहाणं या तिघांनाही सापिएन्स हे एकच रूप. षष्ठी सापिएन्तिस, चतुर्थी सापिएन्ती. अनेकवचनात सापिएन्तेस, आणि षष्ठीत सापिएन्तिउम, किंवा केळीच्या नावात आहे तसं सापिएन्तुम. अधिक शहाणा तो सापिएन्तिओर, सर्वांत शहाणा तो सापिएन्तिस्सिमुस. उदाहरण: धुरपदा बागेत जाते, कच्चं केळं मोडते, चीक जिभेच्या टोकाला लावते, थुंकते आणि म्हणते, पिकायला आठ दिवस. व्यापारी हसतो. नवव्या दिवशी हसत नाही. लॅटिन माणूस या बाईला सापिएन्स म्हणाला असता.’

धुरपदा म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि ती पंधराची. तिनं मला वाढवलं. लग्न होऊन जवळच जसोंडीला गेली, नवऱ्याच्या केळीच्या बागा तिनंच सांभाळल्या.

आता माझी चूक सांगतो. ही चूक आम्हा कारखान्यातल्या माणसांच्याच हातून व्हावी. ती सगळी वही मी न्यूजप्रिंटवर लिहिली. रिळांच्या कडा कापून उरलेला तो कागद आम्हाला फुकट मिळायचा. पोरांच्या वह्या, वाण्याच्या याद्या, लग्नांच्या पत्रिकांचे मसुदे, सगळं त्यावरच. हा कागद सकाळी वाचून संध्याकाळी टाकून द्यायला केलेला असतो, उन्हाहवेत पिवळा पडतो आणि काही वर्षांत मोडतो, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी मी दोन प्रती केल्या त्या त्याच कागदावर. पक्की प्रत १९९३ साली निरंजन वाचायला घेऊन गेला. कच्ची माझ्या ट्रंकेत राहिली.

वही परत आली नाही. चार वर्षांनी पुस्तक आलं. पुठ्ठ्यावर निरंजनचं नाव होतं. आत माझी एकशे दहा विशेषणं, माझ्याच क्रमानं. कडूमामाचे कानसुद्धा. प्रस्तावनेत त्यानं आपल्या पत्नीचे, प्राचार्यांचे आणि छापखान्याचे आभार मानले होते. पुस्तकापाठोपाठ ते पत्र आलं.

मी उत्तर दिलं नाही, हाच माझा सूड होता. फार लहान सूड होता, मला कळत होतं. पण त्याच्याकडे सगळं होतं आणि ती एकच गोष्ट नव्हती. धुरपदा कोण, हे त्याला कळू द्यायचं नाही एवढं माझ्या हातात होतं.

आणि तो सूड मला वाटलं त्यापेक्षा चांगला फळला. उत्तर येत नाही म्हटल्यावर निरंजननं दुसऱ्या आवृत्तीत स्वतःच तळटीप घातली: ‘धुरपदा हे महाभारतातील द्रौपदीच्या नावाचे लोकरूप.’ निरंजन कॉलनीत वाढलेला. गावाकडे बाईचं नाव धुरपदा असतं आणि ती बाई जिवंत असू शकते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. पुढे त्यावर त्यानं ‘धुरपदेची जीभ’ असं व्याख्यानच तयार केलं. वनवासातल्या थाळीतलं उरलेलं भाजीचं पान, द्रौपदी, चव आणि शहाणपण, असं सगळं त्यात गुंफलं. त्याला बक्षीस मिळालं. मी वर्तमानपत्रात फोटो पाहिला आणि आयुष्यात क्वचित हसलो तसा हसलो. मनात मी त्याला सापिएन्तिस्सिमुस म्हणायला लागलो.

गेल्या जानेवारीत त्याची मुलगी रश्मी माझ्या घरी आली. निवृत्तीनंतर मी बुऱ्हाणपुरात लालबागेत राहतो. रश्मी इंदूरला नोकरी करते. मी तिला लहानपणी पाहिलेली.

“काका, पप्पा पंचाहत्तरचे झाले,” ती म्हणाली. “सत्कार आहे. पुस्तकाची चौथी आवृत्ती पण येतेय, तिची घोषणा त्याच दिवशी. पप्पा म्हणाले, लीलाधर आला पाहिजे. मतलब, तुम्ही त्यांचे सबसे पुराने दोस्त.”

“मी येईन,” मी म्हणालो. “बरोबर एका बाईंना आणलं तर चालेल?”

“अरे, बिलकुल! कोण आहेत?”

“केळीवाल्या आहेत,” मी म्हणालो. “त्यांना केळीच्या गोष्टी ऐकायला आवडतात.”

ती गेल्यावर मी कॅलेंडरवर त्या तारखेला खूण केली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काहीतरी ठरवलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी रिक्षा करून जसोंडीला गेलो. धुरपदाबाई सत्त्याऐंशीची आहे. कंबर वाकली, पण कान आणि जीभ शाबूत. नऊवारी नेसून, ओट्यावर माझी वाट पाहत बसली होती.

“काय रे लीला, मले काहून नेऊन राह्यला?”

“केळीवर भाषण आहे, एका मास्तरांचं.”

“केळीवर भाषन? मास्तर देनार? बाग हाय का त्याची?”

“नाही.”

“मंग काय सांगनार तो, डोंबल!”

मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आलीच नसती, किंवा रिक्षातूनच भांडत आली असती. तिनं ते तिथे, सगळ्यांसमोर, स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं होतं.

मंगल कार्यालय भरलं होतं. केळीबागायतदार होते, कॉलेजचे आजी-माजी शिक्षक होते. निरंजन मंचावर, अजून तसाच गोरा, फक्त केस पांढरे. त्यानं मला पाहून हात केला. मी दुसऱ्या रांगेत धुरपदाबाईला बसवलं आणि शेजारी बसलो. खंडव्याहून आलेले एक निवृत्त प्राचार्य अध्यक्ष होते. ते म्हणाले, “सरांच्या ग्रंथातलं सर्वांत गाजलेलं पान मी वाचून दाखवतो.” मला ठाऊक होतं ते कुठलं वाचतील. दुसरं कुठलं पान कुणाला आठवतं?

ते वाचू लागले. सापेरे, चव, तिन्ही लिंगांना एकच रूप. मग धुरपदा बागेत जाते, कच्चं केळं मोडते, चीक जिभेच्या टोकाला लावते.

धुरपदाबाईनं माझा हात धरला. “लीला, हे तं माह्यंच सांगून राह्यले!”

अध्यक्ष तळटिपेवर आले. महाभारत, द्रौपदी, पाच पतींची पत्नी आणि तरी स्वतःच्या बुद्धीनं चालणारी, असं म्हणाले.

ती उभी राहिली. मी तिला उठवलं नाही, पण बसवलंही नाही.

“ओ मास्तर! कोनाचे पाच नवरे?”

अध्यक्षांनी चष्म्यावरून खाली पाहिलं.

“मी धुरपदा. जसोंडीची. मले एकच नवरा व्हता, लोटू नावाचा, अन् तोबी धड नव्हता. पाच म्हने! पाच कोनं मोजले?”

मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बागायतदारांतला एक ओरडला, “खरं हाय, ह्याच त्या धुरपदा आजी! माह्या बापाचा घड यांनीच जिभेवर पारखला व्हता!”

मी निरंजनकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं, माझं सत्तावीस वर्षांचं मौनसुद्धा. तो क्षण मी अजून जपून ठेवला आहे. तेवढ्यावर कार्यक्रम संपला असता तर मी सुखानं घरी गेलो असतो.

पण निरंजन माईकजवळ आला.

“मंडळी,” तो म्हणाला आणि त्याचा आवाज अजिबात कापला नाही, “याला म्हणतात लोकजीवन! मी पुस्तकात जिला शोधत होतो ती साक्षात समोर उभी आहे. माझे मित्र लीलाधरराव तरुणपणी चहा पिता पिता गावाकडच्या गमती सांगायचे. त्यातूनच हे टिपलं असणार. आजी, इकडे या. आजचा खरा सत्कार तुमचा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. रश्मीनं तिला हाताला धरून मंचावर नेलं. त्यानं आपल्या अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली, तिच्या पायाला हात लावला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी ते छापूनही आले. माझा सूड त्यानं शालीसारखा उचलला, घडी घातली आणि तिच्या खांद्यावर टाकला.

मी धुरपदाबाईला जसोंडीला पोचवलं. तिच्या अंगणात खाटेवर बसल्यावर म्हणाली, “शाल चांगली हाय. पन त्याले माह्याबद्दल कोनं सांगितलं? तू?”

मी सगळं सांगितलं. वही, पुस्तक, पत्र. पिशवीतून पुस्तक काढून ते पान वाचूनही दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

“हे मास्तरचं नाई,” ती म्हणाली. “हे तूच बोलून राह्यला. लहानपनी असाच बोलायचा, एक एक शब्द मोजून.” मग म्हणाली, “इतके वर्सं गप काहून बसला?”

“वाटलं, त्याच्यामुळे निदान छापलं तरी गेलं. माझ्याकडे असतं तर पडून राहिलं असतं. आणि लॅटिन काय, ते माझंही नाही नि त्याचंही नाही.”

“लाटिन नसल तुह्यं. मी तं तुही हाय ना?”

मी पुस्तक मिटलं.

“त्या पुस्तकात मी त्याची द्रौपदी नाई राह्यनार,” ती म्हणाली. तिनं शाल काढली, घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “हे त्याले वापस दे. अन् लिहून घे त्याच्याकडून, का मी लीलाधरची बहीन हाय. मी मरायच्या आंदी. मेल्यावर लिहिलं तं मले काय समजनार?”

आठवड्यानं रश्मी पुन्हा आली. या वेळी हातात टाइप केलेला कागद होता.

“काका, त्या दिवशीचं सगळ्यांना इतकं आवडलं! आता पप्पा चौथ्या आवृत्तीत तुमचा उल्लेख टाकतायत. बघा ना: ‘काही उदाहरणांसाठी मित्रवर्य लीलाधर यांच्याशी झालेल्या गप्पांचा उपयोग झाला.’ प्रकाशकांना तुमची सही पाहिजे, की तुमची काही हरकत नाही. बस.”

“गप्पा नव्हत्या,” मी म्हणालो. “वही होती.”

“वही?”

“पूर्ण पुस्तकाची. मी लिहिलेली. तुझे वडील वाचायला घेऊन गेले होते.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. वडिलांवरची माया आणि म्हाताऱ्या माणसाची कीव, दोन्ही तिच्या तोंडावर दिसत होतं. “पप्पांनी कधीच वही म्हटलं नाही, काका. तुमच्याकडे आहे का? दाखवा ना.”

मी ट्रंक ओढून काढली. कच्ची प्रत कापडात बांधलेली होती. गाठ सोडली आणि पहिलं पान उचललं. ते माझ्या चिमटीत उडदाच्या पापडासारखं मोडलं. दुसरं धरलं तर कडेकडेनं सुटलं आणि तिच्या सलवारीवर तपकिरी चुरा पडला. अक्षरं होती, पण एक शब्दसुद्धा सलग लागत नव्हता. बत्तीस वर्षं मी कागदाचं वजन केलं आणि माझं सगळं आयुष्य असल्या कागदावर लिहिलं.

रश्मीनं हळूच चुरा झटकला. “काका, त्या सत्कारानंतर पप्पांना मी विचारलं होतं, यात काकांनी लिहिलेलं काही नाही ना? ते हसले. म्हणाले, लीलाधरनं एक जरी कागद दाखवला तर मी त्याचं नाव कव्हरवर टाकतो, माझ्या आधी.”

“असं म्हणाले?”

“हो ना. इतके कॉन्फिडंट आहेत ते.” ती उठली. “सहीचा कागद ठेवून जाते. घाई नाही. पंधरा तारखेपर्यंत.”

ती गेली. मी त्या चुऱ्याकडे बघत बसलो. कदाचित तो खरंच विसरला असेल, असं मनात आलं. माणूस एखादी गोष्ट इतकी वर्षं आपली म्हणून वागवतो, मग ती आपलीच वाटू लागते. सही करावी, विषय संपवावा. मी पेनही उघडलं. मग खुर्चीवर ठेवलेली शाल दिसली आणि मी पेन मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक पुन्हा भरायला घेतली. तळाशी ते निळं पत्र होतं. काढलं. त्याचा रंगसुद्धा फारसा उडाला नव्हता. उलगडलं तर घडीवर एक चीर नाही. पोस्टाचा कागद, आमच्या कारखान्याचा नव्हे. मी खिडकीपाशी बसलो आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ते पूर्ण वाचलं.

‘प्रिय लीलाधरराव, स. न. पुस्तकाची प्रत मिळाली असेल. छपाई बरी झाली आहे. तुमची वही माझ्याकडे सुखरूप आहे, पण कागद फार लवकर जीर्ण होतो आहे, म्हणून छापखान्यात देताना मी सर्व मजकूर नवीन कागदावर जशाचा तसा उतरवून घेतला. फक्त एक अडचण आहे. तुमच्या वहीत पान ८८ पाहा. सापिएन्सच्या पानावरची धुरपदा कोण, ते दोन ओळींत कळवावे. विद्यार्थी विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. नावाबद्दल काही वाटून घेऊ नये, पुढच्या आवृत्तीत पाहू. तुमचा, निरंजन.’

खाली त्याची सही, तारीख, आणि पाठीवर बुऱ्हाणपूरच्या पोस्टाचा गोल शिक्का.

मी ते तीनदा वाचलं. मग मोठ्यानं हसलो. घरात कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा हसलो. माझ्या ट्रंकेत सत्तावीस वर्षं त्याच्याच अक्षरात कबुली पडून होती आणि मी एका ओळीच्या रागापायी बाकीच्या ओळी वाचल्या नव्हत्या. सापिएन्तिस्सिमुस! आता ते रूप मला लागू होतं. पण मला वाईट वाटलं नाही. तेव्हा वाचलं असतं तर मी काय केलं असतं? बहुतेक ‘पुढच्या आवृत्तीत पाहू’ या शब्दांवर विश्वास ठेवून गप्प बसलो असतो. आणि पत्र ट्रंकेत न ठेवता टाकूनही दिलं असतं.

शनवारा चौकाजवळच्या दुकानात जाऊन पत्राच्या दोन झेरॉक्स काढल्या. दुकानदारानं विचारलं, “दोन्ही बाजू?” मी म्हणालो, “दोन्ही. पोस्टाचा शिक्का नीट आला पाहिजे.”

मग लिहायला बसलो. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात सगळं होतं, रविवारचा चहा, कडूमामाचे कान, माझ्या रात्रंदिवसाच्या मेहनतीबद्दल एक बरंच रडकं वाक्य. तो फाडला. दुसऱ्यात शेवटी ‘तरीही मी तुम्हाला क्षमा करतो’ असं लिहिलं. वाचून पाहिलं. खरं नव्हतं. मला त्याला क्षमा करायची नव्हती. मला त्याचं नाव त्या पुठ्ठ्यावर माझ्या नावाखाली पाहायचं होतं, आणि ते पाहून त्याला झोप येऊ नये असं वाटत होतं. तोही फाडला. त्यानं दोन ओळींत कळवा म्हटलं होतं. शेवटी दोन ओळींतच ठरवलं, आणि जमलं नाही म्हणून चार झाल्या.

‘प्रिय निरंजन, स. न. तुमच्या १४ ऑगस्ट १९९७ च्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. धुरपदा म्हणजे माझी थोरली बहीण, वय ८७, मुक्काम जसोंडी, नवरा एकच. माझ्या वहीतली तळटीप तेवढी बदलून घ्यावी आणि रश्मीला कबूल केल्याप्रमाणे पुठ्ठ्यावर नावांचा क्रम लावावा. तुमच्या पत्राची प्रत सोबत आहे, दुसरी प्रत आजच प्रकाशकांना पाठवली. लीलाधर.’

‘माझ्या वहीतली तळटीप’ हे चुकीचं होतं. तळटीप त्याची होती. तेवढं खोडून ‘तुमची तळटीप’ केलं. त्याचं त्याला मिळायला हवं. खाली ताजा कलम म्हणून लिहिलं: ‘शाल परत पाठवत आहे. धुरपदाबाईंना नको आहे.’

पोस्टात माझ्यापुढे चार माणसं होती. खिडकीमागे एक तरुण बाई होती. मी आधी प्रकाशकाचा लिफाफा दिला, मग निरंजनचा, मग शालीचं पुडकं. निरंजनचं पत्र मी पोचपावतीसह मागितलं, म्हणजे त्याला सही करून घ्यावं लागेल आणि ती सही माझ्याकडे परत येईल.

तिनं पोचपावतीवरचा पत्ता वाचला. “अंकल, येईच बुऱ्हानपूर में रहते हैं? इतनी पास? खुद जाके दे आते.”

“नहीं,” मी म्हणालो. “चिट्ठी डाक से आई थी. जवाब भी डाक से जाएगा.”

तिनं लिफाफा काट्यावर ठेवला. मी पुढे वाकून आकडा पाहिला. गोदामाच्या काट्यावरची सवय आहे ती, जात नाही. ते निळं पत्र मी घरून निघताना पिशवीत टाकलं होतं.

“जरा ये भी रख दो, बेटी,” मी म्हणालो आणि ते खिडकीतून आत सारलं. “इसको भेजना नहीं है. बस, वजन देखना है.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि ते काट्यावर ठेवलं. माझं उत्तर झेरॉक्ससकट थोडं जड भरलं होतं. मी मान हलवली. चालेल, इतक्या वर्षांचं आहे.

तिनं लिफाफ्यावर शिक्का मारला, एकदा, आणि नीट उमटला नाही म्हणून पुन्हा एकदा, आणि मागच्या टोपलीत टाकला.